प्रतिबंध नाही : एका सुनीताचे मनन

इंग्रजी वाङ्मयाशी ज्यांचा शाळा-कॉलेजपुरता का होईना संबंध आला आहे, त्यांना शेक्सपिअरच्या ११६व्या सुनीताची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. पाठ्यपुस्तकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतले आहे, शुभेच्छापत्रांनी ते गुलाबांच्या चित्राखाली छापले आहे, आणि इंग्रजी बोलणाऱ्या जगात लग्नसमारंभांत वाचल्या जाणाऱ्या कवितांमध्ये त्याचे स्थान फार वरचे आहे. अतिपरिचयाने होणारी अवज्ञा त्याच्याही वाट्याला आली आहे. आपण ते ऐकतो, मान डोलावतो, आणि 'खरे प्रेम कधी बदलत नाही' एवढे सार काढून मोकळे होतो. एवढेच सांगायचे असते तर चौदा ओळींची गरज नव्हती; एका सुविचारात काम भागले असते.

वास्तविक हे सुनीत वाचताना पहिली गोष्ट ध्यानात यावी ती ही की, प्रेमकविता म्हणून प्रसिद्ध असलेल्या या रचनेत प्रिय व्यक्तीच नाही. 'तू' हा शब्द तीत एकदाही येत नाही. कोणाच्या डोळ्यांचे वर्णन नाही, भेटीची ओढ नाही, विरहाची तक्रार नाही. ओठ आणि गाल यांचा उल्लेख एकदाच येतो, तोही विळ्याच्या टापूत सापडलेल्या पिकासारखा. प्रतिमा आहेत त्या दर्यातील खुणेच्या, ताऱ्याच्या आणि कापणीच्या. शब्द आहेत ते निम्मे चर्चमधले आणि निम्मे न्यायालयातले. ही कविता कोण बोलतो आहे, आणि कोणत्या जागी उभा राहून बोलतो आहे, हे कळल्याखेरीज तिचा अर्थ हाती लागत नाही असे मला वाटते. तो अर्थ मला ज्या वाटेने गवसला ती वाट वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी घडणीविषयी थोडेसे. सुनीत मूळचे इंग्रजांचे नाही. तेराव्या शतकात सिसिलीमध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारी जाकोमो दा लेन्तिनी नावाचा कवी होता. चौदा ओळींची ही घडण त्याच्या नावावर जमा आहे. त्याचा व्यवसाय नोटरीचा. म्हणजे दस्तऐवज आणि युक्तिवाद हे या काव्यप्रकाराच्या अंगात जन्मापासूनच मुरलेले आहेत. पुढे पेत्रार्कने (१३०४-१३७४) त्याला युरोपभर कीर्ती मिळवून दिली. आपण लॉराला प्रथम पाहिले ते ६ एप्रिल १३२७ रोजी, अविन्यों येथील सेंट क्लेअरच्या चर्चमध्ये, अशी नोंद त्याने स्वतःच्या हाताने करून ठेवली आहे. आणि तो दिवस ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या स्मरणाचा होता असे तो आपल्या कवितेत सांगतो. बरोबर एकवीस वर्षांनी, त्याच तारखेला, लॉरा मरण पावली. सुनीताचा आणि चर्चचा संबंध असा जुना आहे.

पेत्रार्कच्या सुनीतात आठ ओळींचे एक आणि सहा ओळींचे एक असे दोन भाग पडतात. आठव्या ओळीनंतर विचार वळण घेतो. इटालियन भाषेत यमके मुबलक असल्यामुळे पहिल्या आठ ओळी दोनच यमकांवर तोलून धरता येतात. सोळाव्या शतकात थॉमस वायट आणि अर्ल ऑफ सरे यांनी हा प्रकार इंग्लंडात आणला तेव्हा इंग्रजीचे यमकदारिद्र्य आड आले. सरेने त्यावर तोड काढली : चार-चार ओळींची तीन कडवी, प्रत्येकाची यमके स्वतंत्र, पहिल्या ओळीचे तिसरीशी आणि दुसरीचे चौथीशी, आणि शेवटी एकमेकींशी यमक जुळविणाऱ्या दोन ओळींची द्विपदी. एकूण यमके सात. प्रत्येक ओळीत साधारणतः दहा अवयव आणि पाच आघात, हलका-जड, हलका-जड अशा चालीचे. शेक्सपिअरने हीच घडण वापरली आणि ती पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

या बदलाने केवळ यमकांची सोय झाली असे समजू नये. इटालियन सुनीत एकदा वळते. इंग्रजी सुनीत तीन पावले टाकते आणि शेवटी दार लावून घेते. एखादा वकील तीन मुद्दे मांडतो आणि मग दोन वाक्यांत न्यायाधीशाकडे मागणे मागतो, तशी ही रीत आहे. मराठीत केशवसुतांनी १८९२ साली लिहिलेली 'मयूरासन आणि ताजमहाल' ही कविता आपल्या भाषेतील पहिले सुनीत मानली जाते, आणि पुढे रविकिरण मंडळाच्या कवींनी हा प्रकार चांगलाच रुळविला. त्यामुळे चौदा ओळींची ही शिस्त मराठी कानाला अगदीच परकी नाही.

आता मूळ सुनीताकडे वळू. पहिल्याच वाक्यात कवी एक जड शब्द वापरतो : 'इम्पेडिमेंट'. खऱ्या मनांच्या विवाहाला काही अडथळा आहे असे मी मान्य करू नये, असा त्या वाक्याचा आशय आहे. शेक्सपिअरच्या श्रोत्यांना हा शब्द कोठून आला हे सांगावे लागत नव्हते. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात विवाहविधीच्या आरंभी धर्मगुरू वधूवरांना बजावतो की, शेवटच्या न्यायाच्या भयंकर दिवशी, जेव्हा सर्व अंतःकरणांतील गुपिते उघड होतील, तेव्हा तुम्हांला उत्तर द्यावे लागेल हे स्मरून, तुमच्या विवाहास काही प्रतिबंध ठाऊक असल्यास तो आताच कबूल करा. त्याआधी तीन वेळा चर्चमध्ये जाहीर घोषणा होऊन तोच प्रश्न सर्व लोकांना विचारला जात असे. ही प्रथा धर्मसुधारणेच्या आधीची, आपल्याच चर्चमधली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती सर्वत्र लागू केली आणि ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली ती अधिक काटेकोर केली.

ही नीट पाहण्यासारखी गोष्ट आहे. विधीतील त्या एकाच बजावणीत 'प्रतिबंध' आहे आणि 'न्यायाचा दिवस'ही आहे. शेक्सपिअरचे सुनीत प्रतिबंधापासून सुरू होते आणि तिसऱ्या कडव्याच्या अखेरीस न्यायाच्या दिवसाच्या काठावर जाऊन उभे राहते. म्हणजे धर्मगुरूच्या तोंडचे एक वाक्य घेऊन कवीने त्याची दोन टोके आपल्या कवितेच्या दोन बाजूंना बांधली आहेत, आणि मधल्या दोरीवर सगळे प्रेम तोलले आहे.

हा शब्द त्याच्या स्वतःच्या आयुष्यातही आला होता. नोव्हेंबर १५८२मध्ये अठरा वर्षांच्या विल्यमचे लग्न सव्वीस वर्षांच्या ॲन हॅथवेशी ठरले. ॲनला दिवस गेले होते. पुढल्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचा, सुझॅनाचा, बाप्तिस्मा झाला. आगमनकाळ तोंडावर आला होता आणि त्या काळात विवाहांना बंदी असे. तीन घोषणांना सवड नव्हती. तेव्हा वूस्टरच्या बिशपांकडून एकाच घोषणेवर विवाहाचा परवाना मिळविण्यात आला, आणि २८ नोव्हेंबर रोजी स्ट्रॅटफर्डच्या दोन शेतकऱ्यांनी चाळीस पौंडांचा जामीनकतबा लिहून दिला : या विवाहात पुढे काही प्रतिबंध निघाल्यास भरपाई आमच्याकडून. तो कागद आजही उपलब्ध आहे. चाळीस पौंड ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. 'प्रतिबंध' हा शब्द कवीने विधीत ऐकला होता आणि त्याची पैशातली किंमतही पाहिली होती.

मी बरीच वर्षे हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवीत होतो. यमकरचना फळ्यावर लिहून देणे, प्रतिमांची यादी करून देणे, हे सारे केले. परंतु या सुनीताचा बोलणारा कोण, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो वर्गात नव्हे, घरात.

काही वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या मुलीने आपल्या कार्यालयातील एका हिंदू तरुणाशी लग्न करण्याचे ठरविले. मुलगा सुशील, शिकलेला, आईवडिलांचा लाडका. तरीही आमच्या घरात जे व्हायचे ते झाले. कोणी बोलणे टाकले, कोणी जास्तच बोलू लागले. नातेवाइकांची काळजी खोटी होती असे मी म्हणणार नाही. पोरीची श्रद्धा टिकेल का, मुलांचे काय होईल, दोन घरांचे सणवार कसे जुळतील, हे प्रश्न प्रेमापोटीच विचारले जात होते. चर्चच्या कायद्यातही अशा विवाहाला नाव आहे. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह हा १९८३च्या धर्मसंहितेतील १०८६व्या कलमानुसार प्रतिबंध आहे, आणि कॅथलिक पक्षाने आपली श्रद्धा जपण्याचे व अपत्यांना त्याच श्रद्धेत वाढविण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन दिल्यावर बिशप त्यातून सूट देऊ शकतात. मुलीने ते सारे रीतसर केले. सूट मिळाली. एका कागदावर बिशपांची सही झाली आणि प्रतिबंध दूर झाला. घरातल्या माणसांच्या मनातील प्रतिबंधावर मात्र सही कोणी करायची?

घरातला शेवटचा शब्द माझ्या आईचा. ती तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होती आणि या विषयावर तिने तीन महिने चकार शब्द काढला नव्हता. होकार नाही, नकार नाही. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. एके दिवशी भाची माझ्याकडे एक कागद घेऊन आली. लग्नाच्या संध्याकाळच्या समारंभात तिला हे सुनीत वाचायचे होते. म्हणाली, "मामा, विधीत आम्ही संत पौलाचंच वाचन घेतलंय. हे संध्याकाळी. पण आजीला कळायला हवं. तुम्ही मराठीत सांगाल तिला?"

मी दुसऱ्या दिवशी दुपारी आईजवळ बसलो. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. इंग्रजी अक्षराची ओळख नाही. मी आधी प्रस्तावना करू लागलो : एक मोठा कवी, चारशे वर्षांपूर्वीचा, वगैरे. तिने मध्येच विचारले, "म्हणतो काय तो?" मी पहिल्या वाक्याचा आशय सांगितला. दोन मनांचा विवाह होत असेल तर त्यात प्रतिबंध आहे असे माझ्या तोंडून न निघो.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो नवरा नाही."

मी विचारले, "मग कोण?"

"तीन रविवार घोषणा होते ना? कोणाला काही ठाऊक असेल तर कळवा म्हणून? हा बाकावर बसलेला माणूस आहे. त्याला विचारलंय, आणि तो उठत नाही."

आईने आयुष्यात शेकडो घोषणा ऐकल्या होत्या, आणि त्या एका वाक्याची जागा तिने बरोबर ओळखली. सुनीताचा बोलणारा स्वतःलाच बजावतो आहे. व्याकरण पाहिले तर तेही हेच सांगते : पहिल्या वाक्यातील आज्ञा दुसऱ्या कोणाला नाही, कवीची कवीलाच आहे. प्रेमाची व्याख्या त्यानंतर येते. आधी येते ती स्वतःच्या जिभेला घातलेली बांध. 'प्रेम अढळ असते' हे सांगणे सोपे. 'त्या प्रेमाच्या वाटेत मी आडवा पडणार नाही' हे कठीण. आणि विवाहाविषयीची आपली शिकवणही याच्याशी विसंगत नाही. विवाह घडवितो तो वधूवरांचा परस्परांना दिलेला होकार. धर्मगुरू आणि आपण सारे साक्षीदार. साक्षीदाराचे काम पाहणे आणि खरे सांगणे एवढेच.

तो बाकावरचा माणूस एकदा ओळखला की या कवितेत नकार एवढे का आहेत याचाही उलगडा होतो. प्रत्येक कडव्यात नकार आहेत. पहिल्यात कवी सांगतो की, समोरचे बदलले म्हणून जे बदलते ते प्रेमच नव्हे. दुसऱ्याची सुरुवातच 'नाही' या उद्गाराने होते. तिसऱ्यात काळाची चाकरी प्रेम करीत नाही असे म्हटले आहे. द्विपदीत तर नकारांची गर्दीच आहे. जणू कोणी आरोप करीत आहे आणि हा एकेक आरोप फेटाळीत आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात संत पौलही प्रीतीचे वर्णन करताना ती काय करीत नाही याचीच लांब यादी देतो. ज्या मंडळीला तो लिहीत होता ती भांडणांनी फाटलेली होती. सुखाच्या दिवसांत प्रेमाची व्याख्या कोणी विचारीत नाही. ती विचारली जाते घरात वाद पेटल्यावर, आणि मग ती नकारांतूनच मांडावी लागते.

दुसऱ्या कडव्यात कवी समुद्रावर जातो. प्रेम म्हणजे वादळांकडे पाहत राहणारी, न हलणारी खूण. प्रेम म्हणजे भरकटलेल्या गलबतांचा तारा, ज्याची उंची मोजता येते पण मोल कळत नाही. ही उंची मोजणे ही त्या काळच्या खलाशांची रोजची गरज होती. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितकेच त्या जागेचे अक्षांश. शेक्सपिअरच्या गावी तो सुमारे बावन्न अंशांवर दिसतो. आमच्या वसईत सुमारे एकोणीस. विषुववृत्त ओलांडून दक्षिणेस गेले की तो दिसेनासा होतो.

येथे मला शेक्सपिअरच्याच पिढीतील दुसऱ्या एका इंग्रजाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. तेथून त्यांनी वडिलांना पाठविलेले पत्र हॅक्लूटच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले. त्यात ते सांगतात की, पूर्व-पश्चिम दिशेने जहाज हाकणे कठीण, कारण त्यासाठी आकाशात एकही स्थिर बिंदू नाही. मायदेशाचे आकाश मागे सोडून आलेल्या त्या तरुणाने पुढे चाळीस वर्षे याच भूमीत घालविली, आणि त्यांचे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्याच वर्षी स्ट्रॅटफर्डमध्ये शेक्सपिअर मरण पावला. एकाने सुनीत निवडले, दुसऱ्याने ओवी. या दोघांची भेट झाली असे मानायला आधार नाही, आणि त्याची गरजही नाही. समुद्रात स्थिर खूण नसली की माणसाची काय अवस्था होते हे त्या पिढीला ठाऊक होते, एवढे त्या पत्रावरून कळते. सुनीतातील तारा हा शोभेचा तारा नाही. तो नसला तर गलबत फुटते.

तिसऱ्या कडव्यात काळ येतो, हाती विळा घेऊन. लाल ओठ आणि गाल त्याच्या वाकड्या विळ्याच्या टापूत येतात, पण प्रेम त्याच्या तास-आठवड्यांनी बदलत नाही. विळ्याच्या वाकाविषयी वर्गात शिकविताना मी नेहमी घाईने पुढे जात असे. आईने मात्र तेथे मला थांबविले. तिने साठ वर्षे भातकापणी केली होती. म्हणाली, "विळा वाकडा असतो तो त्यासाठीच. सरळ पात्यात एकेक काडी येईल. वाकात अख्खी मूठ येते. पण विळा मुळाला लागत नाही रे." टीकाकारांच्या पुस्तकांत या ओळीवर जे काही मी वाचले, त्यात मुळाची गोष्ट मला आढळली नाही. कवितेतही ती शब्दांत नाही. परंतु कापणी पाहिलेल्या माणसाला ती प्रतिमेतच दिसते.

मग मी तिला कडव्याची शेवटची ओळ सांगितली. प्रेम शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत सहन करीत राहते. येथे आईने आक्षेप घेतला. "लग्नात तर मरेपर्यंत म्हणतात," ती म्हणाली. आक्षेप शास्त्रशुद्ध होता. विवाहाचे वचन मृत्यूपर्यंतचे; त्यानंतर बंधन सुटते, आणि पुनरुत्थानात कोणी लग्न करीत नाही असे प्रभूचेच शब्द आहेत. कवी विधीच्या मर्यादेपलीकडे गेला आहे हे तिने एका क्षणात पकडले. मी म्हटले, "मग हे चुकीचं लिहिलंय का त्यानं?"

बाबांना जाऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. आई खिडकीबाहेर पाहत राहिली. "वचन मरेपर्यंतचं असतं," ती शेवटी म्हणाली. "पण वचन संपलं म्हणून माया कुठं संपते?" आणि थोड्या वेळाने, जणू काही दुसऱ्याच विषयावर बोलत असल्यासारखी : "लग्न किती तारखेला म्हणालात? माझं लुगडं धुऊन ठेवायला हवं."

विवाह मिस्साविना, शब्दविधीने झाला. आई पहिल्या बाकावर बसली होती. ज्यांनी बोलणे टाकले होते त्यांपैकी काही आले, काही आले नाहीत. सगळे मिटले असे लिहिले तर ते खरे होणार नाही.

सुनीतही सगळे मिटल्याचे सांगत नाही. शेक्सपिअरची १५४ सुनीते १६०९ साली थॉमस थॉर्पने प्रसिद्ध केली. त्यांतील पहिली १२६ एका तरुण मित्राला उद्देशून आहेत असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे विवाहविधीचे हे शब्द कवीने अशा स्नेहासाठी उसने घेतले आहेत ज्याला कोणताही विधी नव्हता. आपल्या सुनीताच्या शेजारची सुनीते वाचली तर आणखी एक गोष्ट दिसते. पुढच्याच, ११७व्या सुनीतात बोलणाऱ्यावर कृतघ्नतेचा आणि दुर्लक्षाचा आरोप आहे, आणि तो बचाव करतो आहे. १२०व्यात दोघांनीही एकमेकांना दुखविल्याची कबुली आहे. म्हणजे अढळ ताऱ्याची ही कविता निवांत बंदरात लिहिलेली नाही. ती वादळाच्या मधोमध उभी आहे. ज्याचे प्रेम डळमळले आहे, किंवा डळमळल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तोच प्रेम डळमळत नाही असे म्हणतो आहे. काहींना यात ढोंग दिसते. मला यात माणूस दिसतो. आपण तारा नाही, गलबत आहोत, हे ठाऊक असलेलाच ताऱ्याकडे बोट दाखवितो.

म्हणून द्विपदी न्यायालयाच्या भाषेत येते. यात चूक असेल आणि ती माझ्यावर शाबीत झाली, तर मी कधी काही लिहिलेच नाही आणि कोणी माणसाने कधी प्रेम केलेच नाही, असा पैजेचा तिचा आशय आहे. वरवर पाहता हा युक्तिवाद चतुर आहे. कवीने लिहिले आहे हे उघड आहे, कारण कागद आपल्या हातात आहे. म्हणून त्याचे म्हणणे खरे. परंतु पैजेचे भाग दोन आहेत. पहिल्या भागाचा पुरावा छापील आहे आणि चारशेहून अधिक वर्षे टिकला आहे. दुसऱ्या भागाचा, म्हणजे कोणीतरी खरोखर असे प्रेम केले आहे याचा, पुरावा कोणत्याही कवीला आपल्या कवितेत देता येत नाही. तो साक्षीदारांनी आणायचा असतो. तीन कडव्यांचा युक्तिवाद संपवून सुनीत आपली शेवटची ओळ आपल्यावर सोपवून गप्प बसते.

आजही आपल्या चर्चमध्ये लग्नाची घोषणा होते. नावे वाचली जातात, प्रतिबंध ठाऊक असल्यास कळविण्याची सूचना होते, आणि पुढचे वाक्य सुरू होण्यापूर्वी क्षणभर शांतता पसरते. बहुतेक वेळा त्या शांततेत कोणी काही विचार करीत नाही. ठाऊक असलेला खरा प्रतिबंध लपवू नये, हे आपले कर्तव्यच आहे. परंतु जो प्रतिबंध केवळ आपल्या भीतीत, मानात किंवा सवयीत आहे, त्याला त्या क्षणी गप्प बसविणे हेही एक साक्ष देणेच आहे. आणि ही साक्ष देण्यासाठी माणसाला उभे राहावे लागत नाही.